दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्ती

यादोराव सोनकुसरे यांची शेवटची पाच पुस्तकं
माझ्या बोटांखालून गेली,
गोळीबार चौकाजवळच्या छापखान्यात,
जिथे कुलर खिडकीत आणि कागद सगळीकडे.

आधीची बावीस मी वाचली नव्हती.
जाडजूड कादंबऱ्या होत्या त्यांत, दंडारीचे खेळ,
एक रहस्यमाला, जिच्यात खुनी नेहमी सूतगिरणीचा मुनीम,
आणि नऊवारीच्या किनारींवर एक ग्रंथ
ज्याला कुठलासा पुरस्कार मिळाला होता.
त्याची शाल अजून होती. तिच्यात ते चष्मा गुंडाळत.

सत्तरीनंतर पुस्तकं बारीक होत गेली.
समीक्षक म्हणाले 'उत्तरकालीन लेखन',
जसं डॉक्टर म्हणतात 'वयोमानानुसार'.

हस्तलिखित यायचं लग्नपत्रिकांच्या पाठीवर,
वीजबिलांच्या पाठीवर.
एका कवितेमागे तीन हजार दोनशे दहा रुपये थकबाकी.
भरले का हो, मी विचारलं.
"कविता झाल्यावर भरले."

पहिलं पुस्तक गाठींचं.
वडलांच्या मागावर धागा तुटला
की कोणती गाठ, कोणत्या बोटानं.
चौसष्ट पानं आणि विशेषण एकही नाही.
मी आपलं एक घातलं, 'नाजूक'.
भातातला खडा काढावा तसं त्यांनी ते काढलं
आणि ताटाच्या कडेला, म्हणजे समासात, ठेवलं.

दुसरं, मारबतीच्या आरोळ्या, म्हाताऱ्यांसाठी:
मोतीबिंदू घेऊन जाय गे मारबत,
जिन्याची शेवटची पायरी घेऊन जाय गे मारबत,
सुनेचं 'झोपा आता' घेऊन जाय गे मारबत.
टाइप करताना मी इतकी हसले
की रफीक नगरसेवकाचं पत्रक अर्धं सोडून
माझ्या पडद्यात डोकावायला आला.

तिसरं मला कळलं नाही. अजून नाही.
चौथ्याबद्दल ते स्वतःच म्हणाले,
"हे नसतं आलं तरी चाललं असतं."

पाचवं मे महिन्यात. पारा सेहेचाळीसवर.
ओळ होती: संध्याकाळी मी थोडा उसवलो.
लाइट गेली, आली, कुलरमधलं पाणी संपलेलं,
'स'च्या जागी माझ्याकडून 'ग' पडला.
तीन प्रुफं त्यांनी भिंगातून वाचली,
दोन मी. कुणालाच दिसला नाही.
छापून, शिवून तीनशे प्रती बाहेर आल्यावर
त्यांनी पान एक्केचाळीस उघडलं:
संध्याकाळी मी थोडा उगवलो.

मी उभीच.
बराच वेळ फक्त कटिंग मशीनचा आवाज.
मग, "पोरी, हे मी नाही लिवलं.
मले असं कधी वाटलंच नोतं."
रागावले. खरंच रागावले. चहा तसाच राहिला.
दारातून वळून एवढंच:
"दुसऱ्या आवृत्तीत नीट कर."

दुसरी आवृत्ती इथे कुणाची निघते?

पोळ्याच्या आठ दिवस आधी ते गेले.
शोकसभेत एका प्राध्यापकानं
नेमकी तीच ओळ वाचली, दोनदा,
आणि उतारवयातल्या आशेवर बारा मिनिटं बोलला.
लोकांनी माना डोलावल्या.
मी मागच्या खुर्चीत, पर्सचा बंद पिळत.

उरलेल्या एकशे बारा प्रती माझ्या टेबलाखाली आहेत.
रोज जेवणाच्या सुट्टीत एक काढते,
हात धुऊन, कोरडे करून.
पान एक्केचाळीस. लाल पेन.
'ग' खोडून वर 'स'.
आज सदुसष्टावी.

कधीकधी टोपण काढून थांबते जराशी.
दोन्ही वाचून बघते.
मग त्यांचं लिहिते.